मोटाभाईंचा काटा आणि आंटींचा टोप

तारीख : २९ जानेवारी १९९५, रविवार. वेळ : दुपारच्या जेवणाची. स्थळ : आमच्या बिल्डिंगची गच्ची, भाईंदर पूर्व.

हजर : तळमजल्यावरच्या आंटी, मूळच्या उत्तनच्या, आणि त्यांची धाकटी लेक, जिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी वहिनी. खारीगावातले भाऊ, ज्यांच्या वडिलांच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरचे मोटाभाई, किराणा दुकानाचे मालक, शुद्ध शाकाहारी आणि म्हणूनच पंच. आमचे हे. मी. शिवाय बिल्डिंगमधली बाकी मंडळी, खायला, आपापली ताटली घेऊन. आणि पाण्याच्या टाकीवर ऊन खात पडलेली मांजर, जिची हजेरी त्या दिवशी कोणीच घेतली नाही. घ्यायला हवी होती.

चार घरांच्या चार कोंबड्या, चारही अख्ख्या. ही आमची दर जानेवारीतली कोंबडीची मॅच. मॅच हा शब्द भाऊंचा. मी नोटिशीवर दरवर्षी 'पाककला स्पर्धा' लिहायची आणि दरवर्षी एकही माणूस तसं म्हणायचा नाही.

सुरुवात जिन्यात झाली होती. आम्ही सगळे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला इथे राहायला आलो. आमचं आधीचं बिऱ्हाड गिरगावात, वहिनींचं परळला. इथे प्रत्येकीला दार लावता येईल असं स्वयंपाकघर मिळालं होतं आणि त्याचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं. रविवारी जिन्यात उभं राहिलं की कोणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून सांगता यायचं. अशाच एका रविवारी वहिनी वरून म्हणाल्या की ह्या बिल्डिंगीत कोंबडी जमते ती फक्त त्यांनाच.

आंटी तळमजल्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुकडे करून रश्श्यात बुडवली तं कोनाची बी चांगली लागते. अख्खी करून दाखव."

"अख्खी?"

"अख्खी. पाय, पंख, सगला जागेवर."

"करून दाखवतंय!" वहिनी म्हणाल्या.

भाऊ तेव्हा आमच्याकडे म्हशीचं दूध घालायचे. ते किटली घेऊन पहिल्या मजल्यावर थबकले होते. "मंग मी पन हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, असं नुसतं तोंडी काही होत नाही, तारीख ठरवू. तारीख ठरवायला जो उठतो त्याच्याच गळ्यात पुढचं सगळं पडतं. तेव्हापासून मी संयोजक.

संयोजकाचं पहिलं काम कोंबड्या आणणं. नाक्यावरच्या कोंबडीवाल्याकडे चारही मी एकदम सांगायची, सगळ्या एका वजनाच्या, म्हणजे मागाहून कुरकूर नको. पहिल्या वर्षी त्याने सुरा उचलून विचारलं, "कितने पीस, भाभी?"

"एक."

"एक किलो?"

"एक पीस."

त्याने सुरा खाली ठेवला. "पूरा का पूरा?"

"पूरा का पूरा. चारों."

"घर में इतना बड़ा बर्तन है?"

अगदी मुद्द्याचा प्रश्न होता. ओव्हन कोणाकडेच नव्हता. मी कोंबडीचे पाय सुतळीने बांधून तिला मोठ्या कुकरात बसवायची आणि शिजली की कढईत तुपावर चारी अंगांनी परतायची. वहिनी पोटात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण भरून सुईदोऱ्याने टाके घालायच्या, इतके नीट की त्यांचे मिस्टर म्हणायचे, "माझ्या शर्टाचं बटण कधी असं लागलं नाही." भाऊ मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोपटी लावायचे. ही त्यांच्या सासुरवाडीची, अलिबागकडची पद्धत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा, मधे केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा.

आणि आंटींकडे टोप होता.

तांब्याचा, जाड, आतून कल्हईचा, त्यांच्या आईच्या वेळचा. झाकणाला उभी कड होती, म्हणजे झाकणावर निखारे ठेवता यायचे. खाली शेगडी, वर निखारे, मधे अख्खी कोंबडी. कोंबडीच्या पोटात बटाटा, उकडलेलं अंडं, कलेजी, पावाचा चुरा आणि त्यांचा तो बाटलीत ठासून भरलेला मसाला. झाकण उघडलं की आधी वास यायचा आणि मागोमाग दुसऱ्या मजल्यावर मोटाभाईंची खिडकी बंद झाल्याचा आवाज.

बक्षीस काय ठेवायचं, यावर पहिल्या वर्षी बरीच चर्चा झाली. ह्यांनी एक कप आणायचं सुचवलं. आंटी म्हणाल्या, "कपात काय चा पिऊ? माजा टोप ठेवा. जो जिंकल त्याचा, पुढची मॅच होईपर्यंत. बगते कोन नेतो."

मी लगेच एक पोटनियम जोडला, की टोप ज्याच्याकडे असेल त्याने पुढच्या मॅचआधी त्याला कल्हई करून आणायची. आंटी हसल्या. "मीच करनार, मीच आननार. लिव लिव."

मोटाभाई पंच झाले ते भांडणातून. पहिल्या वर्षी चवीवर मतं घेतली, तर प्रत्येकाने आपल्याच कोंबडीला मत दिलं. भाऊंनी दोनदा दिलं. आवाज इतका चढला की मोटाभाई नाकाला रुमाल लावून गच्चीच्या दारापर्यंत आले. "अरे, झगडा कशाला करता? जे संपलं ते सारू, चांगलं. उरलं ते तोलून घ्या ना. जेचं कमी उरलं, ते पहिला नंबर. धंद्याचा हिशोब आहे."

सगळ्यांना ते पटलं, कारण ते खरंच होतं. आणि तोलणार कोण, तर जो स्वतः खात नाही तो. त्यांच्याकडे हुकाचा जुना काटा होता, दुकानातून बाद झालेला. उरलेलं हाडांसकट पिशवीत भरून आम्ही हुकाला अडकवायचं. मोटाभाई हात लांब करून वरची कडी धरायचे, पिशवीकडे बिलकुल बघायचे नाहीत, फक्त आकडा वाचायचे. त्याआधी एकदा लांबूनच चारही कोंबड्या तपासायचे. दोन पाय, दोन पंख, मान फिरवून "ओके." असा पंच विकत मिळाला नसता. त्यांना कोंबडीची लाच कोण देणार?

दुसऱ्या वर्षी भाऊंनी दोन मेहुणे आणले. दोघांनी मिळून पोपटीचा फडशा पाडला आणि दुसऱ्या कशाला हात लावला नाही. वहिनी तणतणल्या, "ह्ये बिल्डिंगीतले न्हयत!" मोटाभाई म्हणाले, "काटा माणूस बघत नाय." तेव्हा मी नियम लिहिला आणि जिन्याखालच्या फळ्यावर लावला : कोणी खाल्लं ते बघायचं नाही, ताटलीत किती उरलं तेवढंच बघायचं. मीच लिहिला. सुवाच्य अक्षरात.

त्या वर्षीही आंटींची पोपटीपेक्षा कमीच उरली, आणि पहिली काही वर्षं टोप त्यांच्या घरातून हललाच नाही. मग १९९४ साली त्यांनी पोटात सारण जरा जास्तच भरलं. लोकांनी आवडीने खाल्लं, पण पोटं भरली आणि थोडं सारण ताटलीत राहिलं. काट्यावर सारणही भरतंच. माझ्या तुपातल्या कोंबडीचा मात्र नुसता सांगाडा उरला होता. आंटींनी स्वतः टोप उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "नीट ठेव, बाय. मुक्कामाला पाठवते, सासरी न्हाय."

आता पंचाण्णवचा जानेवारी.

संक्रांतीच्या सुमारास आंटींची लेक आमच्याकडे आली आणि तिने दार आतून लोटून घेतलं.

"मम्मीला सांगायचं नाय हां."

"काय झालं?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या घरात अख्खी कोंबडी होते. त्या टोपातलीच लागते. आजीने मम्मीची केली, मम्मीने ताईची केली. आता माझी."

"मग ने ना टोप. आत्ता ने. कल्हईसुद्धा करून ठेवलीय."

"मी तेच बोलले. तर ती बोलते, 'माजाच टोप उसना आनून तुजं लगीन करू? जिंकून आनीन. नायतर अॅल्युमिनच्या डब्यात करीन.'" तिने कपाळाला हात लावला. "दिवसाआड एक कोंबडी आणते, प्रॅक्टिस म्हणून. टोप नाय, तर पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणते. घरात आता कोंबडी बघून कोणी जेवायला येत नाय. नवरा मुलगा परवा आला, तो पण डाळभात मागायला लागला."

मी हसले. तिचे डोळे भरले होते, तरी तीही हसली. मग हळूच म्हणाली, "तू तुझी थोडी बिघडव ना. थोडीच."

हे संध्याकाळी आल्यावर मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे मुद्दाम हरायचं?" हे म्हणाले.

"हो."

"तुला जमेल? तू मीठ विसरायचं ठरवलंस तरी त्याची आठवण भिंतीवर चिकटवशील."

"तुम्ही फक्त आंटींची कोंबडी खायची. सबंध. हाड चघळून."

"हे मला जमेल," हे म्हणाले.

मी विचार केला. तिखट फार घातलं तर कोणी तरी हौशी निघतोच. करपवली तर घरभर धूर आणि कुकर खराब. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे काहीच न घालणं. म्हणून मॅचच्या सकाळी मी कोंबडी नुसत्या पाण्यात उकडली. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण नाही, तूप नाही. पांढरीफटक, मऊसूत, अख्खी. दवाखान्यातल्या पेशंटनेसुद्धा परत पाठवली असती.

गच्चीवर स्टुलावर टोप ठेवला, झेंडूची माळ घातली. तीन कोंबड्या तीन ताटल्यांत, चौथी अजून खाली भाऊंच्या मडक्यात. मोटाभाईंनी दारातून बघून "ओके, ओके" केलं, माझ्या कोंबडीपाशी थांबले. "भाभी, ही आजारी आहे का?"

"यंदा नवीन पद्धत आहे," मी म्हटलं.

आंटी भट्टीतून आणलेली कोंबडी घेऊन टोपासमोरच बसल्या होत्या. नवी साडी, ओठ घट्ट मिटलेले.  त्यांची लेक कठड्याला टेकून नखं खात होती.

मी वहिनींच्या कोंबडीचा एक तुकडा शिष्टाचार म्हणून तोंडात टाकला. क्षणभर काही कळलं नाही. मग जीभ गेली. ओठ गेले. हिरड्या गेल्या. त्यांनी कोंबडीत तिरफळं घातली होती. बांगड्याच्या कालवणात दोनचार टाकतात ती तिरफळं, इथे मूठभर. मी वहिनींकडे बघितलं. त्या आकाशाकडे बघत होत्या.

"वहिनी," मी बधिर जिभेने म्हटलं, "तिर-फ-ळं?"

"नवीन पद्धत," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात भाऊ मडकं घेऊन वर आले आणि केळीचं पान उलगडलं. पान म्हणजे राख होती. आत कोळशाची कोंबडी, पण दोन पाय, दोन पंख जागेवर, म्हणून मोटाभाईंनी तिलाही ओके केलं. लहानपणापासून पोपटी लावणारा हा माणूस अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "पेंढा जरा जास्ती झाला वाटतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेक फक्त माझ्याकडे आली नव्हती. तिघांकडे जाऊन आली होती, तिघांनाही कोणाला सांगू नका म्हणाली होती, आणि तिघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

खाणाऱ्यांचे हाल बघण्यासारखे होते. चौथ्या मजल्यावरचे मास्तर वहिनींचा तुकडा खाऊन पाणी मागत होते, पण पाणी म्हणता येत नव्हतं. माझी कोंबडी एकाने चाखली आणि दुसऱ्याला म्हणाला, "हिला काय चवच नाही रे. कापूस." मग सगळा जमाव आंटींच्या ताटलीवर तुटून पडला, त्यात कटाचा भाग कमी आणि भूक जास्त. हे तर असे जेवत होते की बघवत नव्हतं. सारणाचा कण राहिला नाही. हे हाड चोखत होते, वहिनींचे मिस्टर दुसऱ्या बाजूने तेच हाड मागत होते. आंटींचे ओठ हळूहळू सैल झाले.

माझी कोंबडी कोणी खाईना आणि जागाही अडवत होती, म्हणून कोणीतरी ती ताटली उचलून टाकीपाशी सरकवून ठेवली. ह्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नाही, आणि माझं लक्ष नाही असं फार क्वचित होतं.

वजनाची वेळ झाली. मोटाभाईंनी रुमाल बांधला, कडी धरली, हात लांब केला. भाऊंची पिशवी : काटा पार खाली. "बहु उरलं." वहिनींची : त्याहून खाली. आंटींची पिशवी अडकवली तर काटा जेमतेम हलला. नुसती हाडं, तीही चोखलेली. गच्चीवर एकच ओरडा झाला. आंटी उठल्या आणि टोपाच्या गळ्यातली माळ सारखी करायला लागल्या, म्हणजे जवळजवळ घेतलाच होता त्यांनी.

"थांबा," मोटाभाई म्हणाले. "चौथी?"

हे धावत टाकीपाशी गेले आणि ताटली हातात घेऊन हळूहळू परत आले. ताटलीत लिंबाची एक फोड होती. बाकी काही नाही.

"कोंबडी कुठाय?" मी विचारलं.

टाकीमागून उत्तर आलं. हाडं मोडल्याचा कुडूम कुडूम आवाज. आम्ही सगळे वाकून बघायला गेलो. टाकीखालच्या सांदीत, जिथे माणसाचा हात पोचत नाही अशा ठिकाणी, मांजर माझी कोंबडी खात होती. अख्खी तिने ओढत नेली होती. मीठ नाही, मसाला नाही, मऊ शिजवलेली. मांजरीने स्वतः सांगून करून घेतली असती तर अशीच झाली असती.

मोटाभाईंनी रिकामी ताटली बघितली. काट्याला अडकवायला काहीच नव्हतं. ते अवघडले, पण धंदेवाईक माणूस. "काही उरलं नाय. म्हणजे भाभी पहिल्या."

"ओ मोटाभाई!" वहिनी किंचाळल्या. "मांजर काय सोसायटीचो मेंबर आसा?"

"मांजराचा मेन्टेनन्स कोन भरतो?" भाऊ म्हणाले.

"बाद करा तिची!" हे ओरडले. माझा नवरा, माझ्याविरुद्ध, जीव तोडून.

मी म्हटलं, "मोटाभाई, मी हरले. लिहून देते."

मोटाभाईंनी रुमाल काढला. "भाभी, खाली फळ्यावर तुमच्याच हातचं आहे. कोणी खाल्लं ते बघायचं नाय. किती उरलं ते बघायचं. नियम एटले नियम."



 आंटी वहिनींच्या ताटलीपाशी गेल्या, तुकडा तोंडात टाकला, थांबल्या, थुंकल्या. भाऊंच्या कोंबडीवर नख मारून बघितलं, टक् असा आवाज आला. मग टाकीकडे बघितलं. मग लेकीकडे. लेक ओढणीत तोंड लपवत होती.

"कोनाकोनाला सांगलंस?" आंटींनी विचारलं.

"मम्मी..."

"सगल्यांना?"

 मला वाटलं, संपलं. आता ह्या बाई आमच्याशी जन्मात बोलणार नाहीत, आणि लग्नाला बोलावणार तर त्याहून नाहीत. आंटींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. उभं राहवेना म्हणून भाऊंच्या उपड्या मडक्यावर बसल्या, तर ते गरम. तशाच ओरडत उठल्या आणि आणखी हसल्या. "तिरफळा!" त्या म्हणाल्या. "कोंबडीला तिरफळा! गो, जीभ न्हाय राहिली माजी!" मग टाकीकडे बोट दाखवून, "चार घरांत एक मांजर तेवडी इमानदार!"

मग जो हसत सुटला तो सुटलाच. मास्तर बधिर तोंडाने हसत होते, ते बघून बाकीचे. मोटाभाई हसू नये म्हणून पुन्हा रुमाल बांधत होते.

हसणं ओसरल्यावर वहिनी म्हणाल्या, "न्या हो तो टोप. कोण काय म्हणणार?"

आंटींचा चेहरा पुन्हा बंद झाला. "न्हाय. हरले तं हरले. डब्यात करीन."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ह्या वेळी हसू आलं नाही.

तेव्हा मोटाभाई काटा पिशवीत ठेवता ठेवता, कोणाकडेच न बघता म्हणाले, "टोप भाभीचा. बराबर? आता भाभी आपला टोप घेऊन कुठे पन जाईल. गावाला जाईल, लग्नाला जाईल. त्याला काय नियम नाय."

आंटी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"बाय, लग्नाला येशील?"

"येणारच."

"मंग आदल्या दिवशी ये. रांधायला मानूस कमी हाय माज्याकडं." थोडं थांबून, मान ताठ करून, "तुजी भांडी तू आन."

फेब्रुवारीत आम्ही रेल्वेचा पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला गेलो आणि उत्तनची बस धरली. माझ्या मांडीवर टोप, ह्यांच्या हातात झाकण. टोप गुंडाळायला मी जुनी चादर घेतली होती, तर बसमधल्या एका बाईला आत मूलच आहे असं वाटलं. तिने विचारलं, "लहान आहे का? झोपलंय वाटतं."

आंटींच्या भावाच्या घराच्या अंगणात मांडव होता. पलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत होते. मी पदर खोचून शेगडीपुढे बसले आणि आंटी माझ्यामागे खुर्ची टाकून बसल्या, हात मांडीवर बांधून.

"मी हात लावनार न्हाय. टोप तुजा. तू कर."

मग हुकूम सुरू झाले. "मसाला आतून चोल. आतून! लाजते काय, मेलेली हाय ती." "अंडा मधे ठेव." "मीठ. आनखी. आनखी, बाय, तुज्या हाताला मिठाची भीती बसलीय." भोवती आठदहा बायका जमल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की ही कोणी भाईंदरची मोठी आचारीण बोलावली आहे. एकीने मला माझा दर विचारला.

निखारे झाकणावर गेले. आंटी बोलायच्या थांबल्या. टोपाकडे कान देऊन बसल्या, आतलं काहीतरी ऐकू येत असल्यासारख्या. मी म्हटलं, "झालं असेल का?" त्या म्हणाल्या, "न्हाय." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "न्हाय." मग मी विचारायच्या आधीच त्या उठल्या, मला बाजूला सारलं, पदराने कड धरली आणि झाकण उचललं. हात लावणार नव्हत्या ते त्या विसरल्या, आणि मी आठवण केली नाही.

वास अंगणभर गेला. मांडवातून नवरी धावत आली, हातावर हळद तशीच. टोपात वाकून बघितलं आणि आईच्या गळ्यात पडली. हळद आंटींच्या नव्या साडीला लागली. बायकांनी कुठलंसं लग्नाचं गाणं धरलं. हे म्हणाले, "मी चव बघू का? नुसती पंच म्हणून." त्यांना पाय मिळाला.

लग्न आटोपून निघताना मी टोप घासून तिथल्या ओट्यावर ठेवला आणि गुपचूप निघणार होते. बसमध्ये जाऊन बसतो तोवर त्या मागून टोप घेऊन आल्या, धापा टाकत.

"ह्यो इसरलीस."

"राहू दे ना, आंटी."

"पुढच्या जानेवारीत नेते. जिंकून." टोप माझ्या मांडीवर ठेवला, वर झाकण ठेवलं, त्यावर थोपटलं. "मांजर बांदून ठेव तवडी."

पुढच्या जानेवारीत मॅच झाली नाही. मागच्या प्लॉटवर बिल्डिंगीचा पाया खणला होता, पोपटीला जागा उरली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी गच्ची गळायला लागली म्हणून वरती डांबर. मग मोटाभाई भाईंदरमध्येच इंद्रलोकला मोठ्या फ्लॅटमध्ये गेले, वहिनी पेणकरपाड्याच्या बाजूला, आंटी थोरल्या लेकीजवळ उत्तनला. भाऊ खारीगावातच आहेत, म्हशी नाहीत. दरवर्षी फोन व्हायचे, दरवर्षी 'यंदा नक्की' व्हायचं आणि जानेवारी संपायचा.

यंदा मी मनावर घेतलं. आंटींचं वय झालंय, आणि त्या दर फोनला नातीच्या मोबाइलवरून एकच विचारतात, "टोप हाय ना? का विकलास?" म्हणून सगळं रीतसर ठरवलं. जागा : भाऊंचं अंगण, पोपटीसकट. तारीख : आंटींच्या लेकीला सुट्टी आहे तो रविवार. आता ओव्हन सगळ्यांकडे आहेत, म्हणून ओव्हन बाद. वहिनींना तिरफळं बाद. मोटाभाईंनी काटा अजून ठेवला आहे. गुडघे दुखतात, पण हात लांब होतो म्हणाले. फळ्यावरच्या नियमात दुरुस्ती केली : खाणारा दोन पायांचा असावा. कोंबड्या सांगून ठेवल्या, चार, एका वजनाच्या. कोंबडीवाल्याचा मुलगा आता दुकान बघतो. त्याने सुरा उचलला आणि विचारलं, "कितने पीस, आंटी?"

राहिलं एकच काम, आणि तेही माझ्याच पोटनियमातलं. टोप आतून काळाहिरवा पडलाय, असा कोणाच्या हातात देता येणार नाही. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन आमच्या बिल्डिंगीखाली बसायचा, हाक मारायचीही गरज नसायची. आता भाईंदरमध्ये विचारलं, मिरा रोडला विचारलं. वसईत एक आहे असं कळलं, तिथे टोप घेऊन गेले तर दुकानाला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, गावाला गेलाय, येईल. मी नंबर देऊन आले आहे. अजून फोन आलेला नाही. बाकी सगळ्यावर खूण झाली. टोपाची कल्हई तेवढी बाकी.